मालवणच्या स्कूबातली घाई थांबवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी आली की तुमच्या पेपरात मालवण-तारकर्ली हाऊसफुल्ल, ट्रॅफिक जाम अशा बातम्या येतात, आणि समुद्रात काही विपरीत घडलं की पुढचे चार दिवस सगळीकडे एकच सूर असतो, ही छोटी होडीवाली मंडळी बेजबाबदार आहेत, यांचं स्कूबा बंद करा, एखाद्या मोठ्या कंपनीला काम द्या. मी कोल्हापूरची आहे, ओपन वॉटरचा म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स तारकर्लीत केलाय आणि तेव्हापासून जमेल तेव्हा मालवणला पाण्यात उतरायला जाते, बहुतेक वेळा अशाच एका छोट्या होडीवाल्याबरोबर. त्यामुळे हे वाचून राहवत नाही म्हणून लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की मालवणच्या स्कूबात जे चुकतंय ते होडी छोटी आहे म्हणून चुकत नाही, घाईमुळे चुकतंय, आणि ही घाई आली आहे पडलेल्या रेटमधून. रेटचा प्रश्न सोडवला नाही तर कितीही परिपत्रकं काढा, पाण्यात काही बदलणार नाही.

ज्यांनी अजून केलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याचं काय होतं. मालवणच्या बंदरातून नाहीतर दांडीच्या किनाऱ्यावरून होडी निघते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला खडक आहेत तिथे जाते, पंधरा-वीस फूट पाणी, खाली कोरल (प्रवाळ) आणि मासे. होडीच्या कडेला आडवा पाइप नाहीतर दोरी असते, ती धरायची, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा घ्यायचं यंत्र), नाक मास्कमध्ये बंद, आणि तोंडाने श्वास घेत डोकं पाण्याखाली घालायचं. आपण जन्मभर नाकाने श्वास घेतलेला असतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं छाती अशी धडधडते की मास्क ओढून फेकून द्यावासा वाटतो. हे सगळ्यांना होतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही होतं. यातून माणूस बाहेर येतो तो फक्त वेळ मिळाल्यावर. गाईड शांतपणे समोर राहिला, दोनदा वर येऊ दिलं, परत खाली नेलं, की मग अचानक श्वासाची लय लागते आणि त्यानंतर जे दिसतं ते मी इथे लिहून सांगू शकणार नाही, ते बघायलाच पाहिजे. पण मागे दुसरी बॅच लाइफ जॅकेट घालून उभी असेल, होडीवरून "चला चला, उतरवा" चालू असेल, तर त्या माणसाला मिळतात जेमतेम दोन मिनिटं, आणि मग तो घाबरलेलाच खाली जातो.

आणि घाबरलेला माणूस श्वास रोखतो, खरा धोका तिथे आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका (समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट आणि मालवणला जिथे नेतात त्या पाच-सहा मीटरवर सुद्धा साधारण दीडपट. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली आणि घाबरून श्वास तसाच धरून झटकन वर आलं तर ती हवा फुप्फुसात फुगत जाते, पाच मीटरवरून वर येईपर्यंत दीडपट होते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून जगातल्या कुठल्याही कोर्समध्ये पहिला नियम हाच शिकवतात, श्वास कधीही रोखायचा नाही. "कमी पाणी आहे ताई, काही होत नाही" हे वाक्य मी किनाऱ्यावर इतक्यांदा ऐकलंय, ते चुकीचं आहे. कानाचंही तसंच, दाबाचा सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतो, नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, कान सुटले की पुढे जायचं, नाही सुटले तर थोडं वर येऊन परत बघायचं. सर्दी झालेल्या माणसाचे कान सुटतच नाहीत, त्याला त्या दिवशी पाण्यात न्यायचंच नसतं. पण हे कळणार कधी, तर उतरायच्या आधी कुणीतरी विचारलं तर. दमा आहे का, फिट येते का, हार्टचं काही आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का, काल रात्री घेतली होती का. एका पानाचा फॉर्म असतो, भरायला पाच मिनिटं लागतात. चांगल्या ठिकाणी तो भरून घेतात आणि वाचतात. बाकी ठिकाणी एक रजिस्टर पुढे करतात, नाव, गाव, मोबाइल नंबर, सही, झालं.

हाताच्या खुणांचं बघा. स्कूबात अंगठा वर केला की त्याचा अर्थ मला वर जायचंय. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. आपली माणसं गोप्रो कॅमेरा समोर आला की खुशीत अंगठा दाखवतात, आता गाईडने काय समजायचं? तो बिचारा सवयीने समजतो की हा मजेत आहे. मग ज्याला खरंच वर जायचंय त्याने अंगठा दाखवला तर? हे किनाऱ्यावर नीट समजावलं तर कुणाचाही गोंधळ होत नाही, पण "अंगठा म्हणजे वर, गोल म्हणजे ओके" एवढं होडीत इंजिनच्या आवाजात ओरडून सांगितलं तर अर्ध्या लोकांना ऐकू पण येत नाही.

आता गाईडबद्दल, कारण त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. मालवणात टुरिस्टला एकटं सोडत नाहीत, एका माणसामागे एक गाईड असतो, तो मागून टाकी धरून नेतो. ही पद्धत खरंच चांगली आहे. पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात अशा पहिल्या डाइव्हसाठी समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे चार जणांपर्यंत चालतात, त्या मानाने आपल्याकडे जास्त काळजी घेतात हे कबूल केलं पाहिजे. पण हाच पोरगा सकाळी सातपासून दुपारपर्यंत एकामागून एक माणूस खाली नेतो, वर आणतो, परत खाली. इतक्या वेळा खालीवर करणं कानाला आणि सायनसला किती वाईट आहे हे कुठल्याही डायव्हरला विचारा. एका मे महिन्यात मी एका होडीवर (नाव लिहीत नाही) असाच एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा बघितला, दोन बॅचच्या मध्ये मागच्या बाजूला बसून डावा कान दाबत होता, मास्कमध्ये नाकाखाली रक्ताचा थेंब होता, तो त्याने समुद्राच्या पाण्याने धुतला आणि पुढच्या माणसाला हात दिला. मी म्हटलं अरे बस की जरा, तर म्हणाला, "सीझन असा ताई, पावसात बसायचाच असा." त्याचंही बरोबर आहे, पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, तेवढे महिने घरात पैसा नाही, म्हणून जेवढं होईल तेवढं मे मध्ये ओढून घ्यायचं. त्या मुलाचे कान पस्तिशीत गेले तर जबाबदार कोण?

माणसं मोजणे ही त्याहून साधी गोष्ट, ती पण घाईत राहून जाते. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन जोडपं डाइव्ह करून वर आलं तेव्हा त्यांची बोट निघून गेली होती, चुकीची मोजणी झाली होती, आणि ते दोघं राहिलेत हे किनाऱ्यावर लक्षात यायला दोन दिवस गेले. ते परत सापडलेच नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे नियम कडक केले, किती उतरले किती चढले हे लिहून ठेवायचं, नुसतं नजरेने मोजायचं नाही. यात काय खर्च आहे? एक वही आणि एक पेन. मी ज्यांच्याबरोबर जाते ते तांडेल (होडी चालवणारे) प्रत्येकाला नावाने हाक मारून होडीत घेतात आणि वहीत टिक करतात, इंजिन त्यानंतरच सुरू होतं. किल्ल्यामागे एका वेळी कितीतरी होड्या उभ्या असतात, सगळ्यांचे वेटसूट काळे, पाण्यातून वर आलेला माणूस भलत्याच होडीची शिडी चढतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. हसण्यावारी नेतात, पण दोन्ही होड्यांची मोजणी तिथेच चुकते.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला, स्कूबा करून परत येत होते सगळे. तेव्हाही खूप लिहून आलं, बैठका झाल्या. लाइफ जॅकेटची सक्ती, बोटीत किती माणसं याची मर्यादा, मेरीटाईम बोर्डाचा परवाना, हे सगळं कागदावर आहे. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात नोंदणी आली, प्रशिक्षित माणसं आली, विमा आला. म्हणजे नियम नाहीत अशी परिस्थितीच नाही. नियम पाळायला जो वेळ आणि पैसा लागतो तो होडीवाल्याच्या हातात उरत नाही, गाडं तिथे अडलंय.

तो का उरत नाही ते बघा. किनाऱ्यावर गाडी पार्क करायच्या आधीच एजंट गाठतो, "स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, सगळं पॅकेज". कुणी पाचशेत नेतो म्हणतो, कुणी बाराशेत, आणि आपण पण भाजी घेतल्यासारखं घासाघीस करतो. त्यातला एजंटचा वाटा आधीच कापून जातो. उरलेल्यात होडी, तांडेल, गाईड, व्हिडिओ काढणारा मुलगा, पेट्रोल, टाक्या भरायचा खर्च. कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदलणं, त्याचा हवा ओढायचा पाइप इंजिनच्या धुरापासून लांब ठेवणं, टाक्यांचं टेस्टिंग, होडीवर ऑक्सिजनचा सिलेंडर, ही सगळी न दिसणारी कामं आहेत, टुरिस्टला त्यातलं काही दिसत नाही, त्याला दिसतो फक्त रेट. मग जो होडीवाला हे सगळं करतो त्याचा रेट जास्त आणि जो करत नाही त्याचा कमी, आणि गिऱ्हाईक जातं दुसऱ्याकडे. पाचशेत परवडवायचं तर एकच मार्ग, माणसं वाढवा आणि मिनिटं कमी करा. वर लिहिलेलं सगळं, दोन मिनिटांची प्रॅक्टिस, न वाचलेला फॉर्म, गाईडचे कान, चुकलेली मोजणी, हे या एकाच हिशोबातून येतं.

कोरलचं पण तसंच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि कोरलला वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाला जे आहे तेच. पोराइटिस नावाचं गोल धोंड्यासारखं दिसणारं कोरल वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतं. माणसाला तो दगड वाटतो, तो त्याच्यावर पाय ठेवून उभा राहतो, कारण व्हिडिओत स्थिर दिसायचं असतं. होडी आली की नांगर टाकला, तो कोरलवर पडला की एका झटक्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते. तिथे कायमचे बोये (तरंगते पिंप) बांधले आणि होड्यांनी बोयालाच दोर लावला तर हे थांबेल, जगभर तसंच करतात. आणि मासे गोळा व्हावेत म्हणून ब्रेड, बिस्किटं टाकतात, ते कृपया बंद करा. काळ्या पट्ट्यांचे सर्जंट मेजर मासे त्याने झुंडीने येतात आणि व्हिडिओ भारी दिसतो हे खरं, पण त्यांचं खाणं खडकावर आहे, बिस्किटात नाही. दहा मिनिटं शांत थांबलं तर मासे आपोआप जवळ येतात, मी स्वतः बघते दरवेळी. पण दहा मिनिटं थांबायला कुणाकडे वेळ नाही.

आता मोठ्या कंपनीचा मुद्दा. मला माहिती आहे की चांगलं प्रशिक्षण मोठ्या संस्थेतच मिळतं, एमटीडीसीने तारकर्लीत स्कूबाची संस्था काढली म्हणूनच माझ्यासारखीला घराजवळ कोर्स करता आला आणि किनाऱ्यावरची पोरं सर्टिफाइड डायव्हर झाली, त्याबद्दल मनापासून आभार. पण रोजचं काम त्या पाण्यात वाढलेल्या माणसाकडेच राहिलं पाहिजे. एकदा डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी भल्या पहाटे निघून मालवणला पोचलो, होडी तयार, टाक्या चढवलेल्या, आणि तांडेलकाका बंदरावर उभे राहून नुसते पाण्याकडे बघत होते. आम्हाला तर समुद्र छान दिसत होता, सपाट. पाच मिनिटांनी म्हणाले, "ताईनु, आज नुको. खाली पाणी गढूळ असा आणि वारो फिरतलो. उद्या येवा." आम्ही म्हटलं काका एवढ्या लांबून आलोय, थोडं तरी, पण त्यांनी ऐकलं नाही, ॲडव्हान्स परत हातात ठेवला, टाक्या उतरवल्या. अकराच्या सुमाराला वारा असा उठला की किल्ल्याच्या तटावर लाटा फुटताना बंदरावरून दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर खाली स्वच्छ पाणी, त्यांनी खडकाच्या एका कपारीत हात न लावता नुसता टॉर्च धरला आणि आत मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडं ठेवून बसलेला दाखवला, तो तिथेच राहतो म्हणाले, नेहमीचा आहे. हे ज्ञान कुठल्या कंपनीच्या मॅनेजरकडे असणार आहे? पण त्या दिवशी काकांचं पूर्ण दिवसाचं उत्पन्न बुडालं, आणि शेजारची दुसरी एक होडी माणसं भरून गेली. नाही म्हणणाऱ्याचं नुकसान आणि हो म्हणणाऱ्याचा फायदा असा जर धंदा असेल तर नाही म्हणणारे किती दिवस टिकतील?

म्हणून माझी मागणी आहे की मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला इथल्या होडीवाल्यांनी, गाईडनी आणि बंदर विभागाने एकत्र बसून स्कूबाचा किमान रेट ठरवावा, एजंटच्या कमिशनला मर्यादा घालावी, एका होडीने दिवसात किती माणसं खाली न्यायची आणि एका गाईडने दिवसात किती वेळा उतरायचं हे ठरवावं, आणि तो रेट बंदरावर मोठ्या बोर्डावर लिहावा. रिक्षाचा मीटर असतो तर याचा का नको. वारा आहे म्हणून बंदराने लाल बावटा लावला तर सगळ्यांचंच बंद, एकट्याचं नाही.

यावर लगेच म्हणतील की मग गरिबाने समुद्र बघायचाच नाही का. हा प्रश्न मी पण स्वतःला विचारते, कारण सांगली-कोल्हापूरकडून एसटीने येणारं चार जणांचं कुटुंब मी बघते आणि त्यांना पाचशे आणि बाराशे यातला फरक खूप मोठा असतो. माझं म्हणणं, त्या बाराशेतला एजंटचा भाग कमी झाला तर रेट एवढा वाढणारच नाही. आणि तरी जमत नसेल तर स्नॉर्कलिंग करा, लाइफ जॅकेट घालून मास्कने वरून बघा, स्वच्छ पाण्याच्या दिवशी तेच कोरल वरूनही छान दिसतं, खर्च खूप कमी आणि लहान मुलांना तर तेच चांगलं, कारण दहा वर्षांच्या आतल्या मुलाला समुद्रात स्कूबासाठी उतरवायचंच नसतं. हेही किनाऱ्यावर सर्रास मोडलं जातं, आईवडीलच हट्ट करतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे, करू नका.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गुलदार. नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायचा प्रकल्प आहे, जवळजवळ चौऱ्याऐंशी मीटर लांबीचं जहाज आहे ते. मला स्वतःला त्याचा फार आनंद आहे, असं काही आपल्या सिंधुदुर्गात होतंय म्हणून अभिमान वाटतो. पण बुडालेलं जहाज म्हणजे किल्ल्यामागचे वीस फूट नाहीत, तिथे जास्त खोल जावं लागणार, आत शिरायचा मोह होणार, आणि त्या खोलीला वर येताना हळू येणं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, नंतर लगेच विमानाने न उडणं, हे सगळं लागू होतं. चिपीला विमानतळ आहे, सकाळी डाइव्ह आणि दुपारी फ्लाइट असं पॅकेज कुणी विकायला लागला तर? एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर अठरा तास थांबायचं असतं. त्या जहाजापाशी पण पाचशे रुपयांचीच घाई पोचली तर काय होईल याची मला खरंच भीती वाटते. किमान रेट आणि माणसांची मर्यादा गुलदार उघडायच्या आधी ठरू दे, नंतर कुणी ऐकणार नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या सिंधुदुर्गच्या प्रतिनिधीला कुणालाही न सांगता साधा टुरिस्ट म्हणून पाठवा, ऐन सीझनमध्ये, एकदा सकाळच्या पहिल्या होडीने आणि एकदा दुपारच्या शेवटच्या होडीने. फॉर्म कुणी वाचला का, पाण्यात प्रॅक्टिसला किती मिनिटं दिली, परत येताना माणसं कुणी मोजली, गाईडची त्या दिवसातली कितवी फेरी होती आणि दिलेल्या पैशातले होडीवाल्याला किती मिळाले, हे दोन्ही वेळचं शेजारी शेजारी छापा.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर